मोजलेली साखर आणि मोजणीबाहेरची माणसे : सातारा-सांगली परिसरातील रक्तशर्करा तपासणीचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

सातारा आणि सांगली हे जिल्हे महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात मोडतात. कृष्णाकाठच्या कराड, वाळवा, पलूस या तालुक्यांत ऊस हे केवळ पीक राहिलेले नाही. सहकार, शिक्षणसंस्था आणि राजकारण यांची उभारणी त्याच्या आधाराने झाली. याच जिल्ह्यांच्या पूर्व भागात माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे पर्जन्यछायेतील तालुके आहेत. तेथील गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास प्रामुख्याने दुष्काळाचा व स्थलांतराचा इतिहास आहे. एकाच जिल्ह्यात पाण्याखालची काळी जमीन आणि टँकरची वाट पाहणारी वाडी अशी दोन जगे शेजारी नांदताना दिसतात.

या परिसरात 'साखर' हा शब्द आज दोन अर्थांनी उच्चारला जातो. एक साखर कारखान्याच्या पोत्यातील, दुसरी रक्ताच्या अहवालातील. 'त्यांना साखर आहे' असे म्हटले की ऐकणाऱ्यास अधिक सांगावे लागत नाही. या दोन अर्थांच्या शेजारामुळे एक समजूत रूढ झाली आहे. मधुमेह हा ऊसवाल्यांचा, सुखवस्तूंचा, बसून खाणाऱ्यांचा आजार असून कोरडवाहू भागातील काटक, राबणारा माणूस त्यापासून सुरक्षित आहे, अशी ती समजूत होय. ही समजूत कोठून आली आणि तिला तपासणीच्या इतिहासाने कसा हातभार लावला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) शर्करा तपासणीच्या पद्धतींतील बदलांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) सातारा-सांगली परिसरात ही तपासणी कोणत्या सामाजिक वाटांनी पोहोचली असावी हे पाहणे.
३) कोणते समाजघटक तपासणीबाहेर राहिले व त्याचे परिणाम काय झाले याची मीमांसा करणे.
४) रक्ततपासणीचा अहवाल हे स्थानिक इतिहासाचे साधन होऊ शकते काय, याचा विचार करणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. वैद्यकशास्त्राचा अधिकार प्रस्तुत लेखकाकडे नाही. येथील दृष्टी इतिहासाच्या अभ्यासकाची आहे.

इक्षुमेहापासून बेनेडिक्टच्या द्रावणापर्यंत

मधुमेहाची ओळख भारतीय वैद्यकास प्राचीन काळापासून होती. आयुर्वेदाच्या ग्रंथांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांपैकी एक आहे. या वीस प्रकारांत 'इक्षुमेह' असाही एक प्रकार येतो. उसाच्या रसासारखी मूत्राची लक्षणे असणारा हा प्रकार साखरपट्ट्यातील वाचकास विशेष लक्षवेधी वाटेल. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सुश्रुताने प्रमेहाच्या रुग्णांचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन गट केले आहेत. पहिला जन्मतः येणारा व रुग्ण कृश असणारा, तर दुसरा अपथ्याने होणारा व रुग्ण स्थूल असणारा. कृश मधुमेही हा भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हता, एवढे यावरून स्पष्ट होते.

आधुनिक वैद्यकात मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ मध्ये मधुमेही रुग्णाच्या मूत्रातील गोडी ही साखरेचीच असल्याचे दाखवून दिले. रक्तातील द्रवही त्याला गोड आढळला होता. तथापि रक्तातील साखर मोजणे दीर्घकाळ कठीण राहिले. त्यामुळे मूत्रपरीक्षा हाच मुख्य मार्ग ठरला. अमेरिकन रसायनतज्ज्ञ स्टॅनले बेनेडिक्ट याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार केलेले द्रावण जगभरच्या दवाखान्यांत पोहोचले. परीक्षानळीत निळे द्रावण घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकावयाचे व नळी उकळावयाची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी व शेवटी विटकरी असा तो बदलत गेला तर साखरेचे प्रमाण त्या क्रमाने अधिक. स्पिरिटचा दिवा आणि एक नळी एवढ्या सामग्रीवर ही परीक्षा होत असे. जुन्या पिढीतील डॉक्टरांना आणि विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांना हे रंग आजही आठवत असतील.

या परीक्षेची एक मोठी मर्यादा होती. रक्तातील साखर साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज ती मूत्रात उतरत नाही. म्हणजेच विटकरी रंग दिसेपर्यंत रोग शरीरात बराच काळ मुरलेला असे. जो रुग्ण दवाखान्यात आला, ज्याची जखम भरेना किंवा ज्याची शस्त्रक्रिया ठरली, त्याचीच नळी उकळली जाई. रोगाची नोंद ही अशा प्रकारे मुळातच उशिराची आणि निवडक नोंद होती.

रक्ततपासणीचा मार्ग पुढे मोकळा झाला. १९२० च्या सुमारास फोलिन आणि वू यांची पद्धत प्रचारात आली. त्यापाठोपाठ १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला व जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णास टोचण्यात आले. उपचार उपलब्ध झाला तेव्हा मोजणीस खरा अर्थ आला. औषध किती द्यावयाचे हे ठरविण्यासाठी आकडा हवा होता.

सुखवस्तूंचा रोग : एका प्रतिमेची घडण

वसाहतकाळातील वैद्यकाने मधुमेहाची एक सामाजिक प्रतिमा निर्माण केली. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण कटिबंधातील मधुमेहावर चर्चा झाली. तीत बंगालमधील शिक्षित, बैठी कामे करणाऱ्या वर्गाचा हा रोग असल्याचा सूर प्रबळ होता. कलकत्त्याच्या डॉक्टरांकडे जे रुग्ण येत होते ते वकील, कारकून, जमीनदार होते. शेतमजूर त्यांच्याकडे येत नव्हता. जो आला नाही त्याला रोग नाही, असे अनुमान त्यातून सहज काढले गेले. साधनांची निवडकता लक्षात न घेता काढलेले असे अनुमान इतिहासाच्या विद्यार्थ्यास सदोष वाटेल. परंतु वैद्यकीय चर्चेत ते दीर्घकाळ टिकले.

आपल्या परिसरातील आधुनिक वैद्यकाचे आद्य केंद्र म्हणजे मिरज होय. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले व १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. पटवर्धनांच्या संस्थानातील हे नगर रेल्वेचे जंक्शन झाल्यामुळे दूरदूरचे रुग्ण तेथे येऊ लागले. मिरजेची ख्याती मुख्यत्वे शस्त्रक्रियेसाठी होती. पुढे १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९८४ मध्ये कराड येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आणि नंतर सांगली येथे भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. या केंद्रांची स्थाने नकाशावर पाहिली असता एक बाब ध्यानात येते. मिरज, सांगली, कराड ही सर्व ठिकाणे कृष्णाकाठची, रेल्वे व हमरस्त्यावरची आहेत. प्रयोगशाळेची वाट उसाच्या आणि पाण्याच्या वाटेनेच गेली. म्हसवड, दहिवडी, आटपाडी किंवा जतच्या माणसाला मोठ्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे खर्चावे लागे.

आकड्यापूर्वीचे आरोग्य

रक्तातील आकडा सार्वत्रिक होण्यापूर्वी या परिसरात आरोग्याची वेगळी मोजपट्टी होती. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने पुरस्कार केला, शाळांतून तो रुजविला आणि त्यावर मराठीत व इंग्रजीत लेखन केले. किती नमस्कार घातले, किती ओझे उचलले, किती कोस चालले, ही त्या काळाची मोजमापे होती. गावोगावच्या तालमींनी हीच दृष्टी जोपासली. या दृष्टीचे मोल मोठे आहे आणि व्यायामाने शर्करेवर ताबा राहतो हे आजचे विज्ञानही मान्य करते. परंतु तिने एक गृहीतक मागे ठेवले. जो काम करू शकतो तो निरोगी, हे ते गृहीतक. मधुमेह मात्र प्रारंभीची कित्येक वर्षे माणसाला काम करू देतो. त्यामुळे शेतात राबणारा माणूस स्वतःला तपासून घेण्याची गरजच मानत नाही.

रेषा सरकते तेव्हा

मोजणीचा इतिहास हा रेषांचाही इतिहास असतो. १९८० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने उपाशीपोटी रक्तशर्करा १४० मिलिग्रॅम वा अधिक असल्यास मधुमेह समजावा असे ठरविले. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने व १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा १२६ वर आणली. ज्याचा आकडा १३० होता तो मनुष्य कालपर्यंत या कसोटीवर निरोगी होता व आज रुग्ण झाला. त्याच्या शरीरात रातोरात काही बदलले नव्हते. रेषा खाली आणण्यामागे सबळ कारणे होती. डोळ्यांच्या पडद्यावरील दुष्परिणाम कमी आकड्यांपासूनच सुरू होतात असे अभ्यासांतून दिसले होते. तरीही दोन कालखंडांतील रुग्णसंख्येची तुलना करताना ही सरकलेली रेषा ध्यानात घ्यावीच लागते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९७० च्या दशकातील पाहणीत शहरी भागात सुमारे २.१ टक्के व ग्रामीण भागात सुमारे १.५ टक्के मधुमेही आढळले होते. याच परिषदेच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात महाराष्ट्रातील प्रमाण ८.४ टक्के दिसले. ग्रामीण महाराष्ट्रात ते ६.५ टक्के होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही असून मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक त्याहून अधिक, सुमारे १३ कोटी ६० लाख आहेत. या वाढीतील काही भाग मोजणीच्या बदलाचा आहे. परंतु मोठा भाग खऱ्या वाढीचाच आहे. ग्रामीण भाग यातून सुटलेला नाही, हा मुद्दा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा होय.

एचबीएवनसी ही तपासणीही याच ओघात पाहावी लागते. मधुमेही रुग्णांच्या हिमोग्लोबिनमधील फरक १९६८ मध्ये सॅम्युएल रहबार यांनी नोंदविला. गेल्या दोन-तीन महिन्यांतील शर्करेची सरासरी सांगणारी ही तपासणी २०११ पासून निदानासाठीही मान्य झाली, ६.५ टक्के ही तिची रेषा. परंतु लोहाच्या कमतरतेने झालेल्या रक्तक्षयात हा आकडा वास्तवापेक्षा वाढलेला दिसू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. अशा स्थितीत केवळ एका आकड्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. अहवाल वाचताना शरीराचाच नव्हे, समाजाचाही विचार करावा लागतो तो असा.

कृश देहाचा प्रश्न

या विवेचनाचा गाभा येथे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता व बालकांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. शेतकरी कुटुंबांतील या बालकांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. वजन, स्नायू, पोटातील अवयव सारेच लहान. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 'बारीक पण चरबीयुक्त' अशा या देहरचनेने जगाचे लक्ष वेधले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक २२.३ असा सारखाच. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. पुढे त्या सहा गावांतील मुले १८ वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलग्यांत व १८ टक्के मुलींत शर्करा सामान्यापेक्षा वाढलेली आढळली. ही मुले लठ्ठ नव्हती. त्यांची शरीरे सडपातळ होती.

गर्भावस्थेतील उपासमारीचा संबंध पुढील शर्करेशी असतो, हे नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या दुष्काळात जन्मलेल्या लोकांच्या अभ्यासातूनही पुढे आले आहे. या प्रकाशात आपल्या परिसराचा इतिहास पुन्हा वाचावा लागतो. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० आणि १९७२ हे दुष्काळ माण-आटपाडीच्या पट्ट्याने सोसले. १९७२ मध्ये खडी फोडणारी स्त्री, कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांच्या आठवणी गावोगावी आजही सांगितल्या जातात. त्या वर्षी जन्मलेली व्यक्ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. त्यानंतर काही कुटुंबांच्या शिवारात पाणी आले, काही गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पांगली, काही मुंबईत माथाडी कामगार झाली. आईच्या पोटात टंचाई आणि मोठेपणी भरपूर भात, साखरेचा चहा व बैठे काम, असा प्रवास एका आयुष्यात घडला. या पिढीची रक्तशर्करा हा इतिहासाच्याही अभ्यासाचा विषय आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

वैद्यकीय वर्गीकरणाचा इतिहासही येथे बोलका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेह हा स्वतंत्र प्रकार मानला आणि १९९९ मध्ये तो वगळला. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास 'पाचवा प्रकार' म्हणून पुन्हा स्थान दिले. सुश्रुताने नोंदविलेला कृश रुग्ण आधुनिक यादीत आला, गेला आणि परत आला. मधल्या २६ वर्षांत असा रुग्ण नाहीसा झाला नव्हता. त्याला नाव नव्हते.

तपासणी दारात येते

२००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा स्वयंसेविका गावात आली. २०१० मध्ये असंसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या तपासणीचे धोरण आखले गेले. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर काही सेकंदांत आकडा मिळू लागला. स्पिरिटच्या दिव्यापासून येथपर्यंतचा प्रवास निश्चितच अभिमानास्पद आहे.

तथापि जुनी प्रतिमा नव्या नमुन्यातही डोकावते. आशा भरून घेत असलेल्या जोखीम-पत्रकात वय, कमरेचा घेर, व्यायाम, व्यसन, कुटुंबातील मधुमेह यांना गुण आहेत व चारपेक्षा अधिक गुण मिळणाऱ्यास तपासणीत अग्रक्रम मिळतो. पस्तीस वर्षांचा, सडपातळ, दिवसभर राबणारा, आईवडिलांची साखर कधी तपासलीच गेली नाही असा मजूर या पत्रकात सहज मागे पडतो. कुटुंबात मधुमेह नाही, हे त्याचे उत्तर पुष्कळदा 'कुटुंबात तपासणी नाही' एवढेच सांगत असते.

ऊसतोड मजुरांची स्थिती याहून बिकट आहे. गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून तसेच याच जिल्ह्यांच्या दुष्काळी भागातून मजूर फडावर येतात. सुमारे पाच-सहा महिने ते स्वतःच्या गावात नसतात आणि ज्या गावाच्या शिवारात कोपी असते त्या गावाच्या यादीत त्यांचे नाव नसते. पहाटे कोयता घेऊन निघणाऱ्यास 'उपाशीपोटी या' असे सांगणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडा असे सांगणे होय. साखर निर्माण करणाऱ्या साखळीतील पहिल्या माणसाची साखर अशा प्रकारे मोजायचीच राहून जाते.

नमुन्याच्या प्रवासाचाही प्रश्न आहे. काढलेल्या रक्तातील पेशी साखर वापरत राहतात. त्यामुळे साध्या बाटलीत तासागणिक आकडा सुमारे पाच ते सात टक्क्यांनी घटतो. म्हणून फ्लोराइड असलेली राखाडी टोपणाची बाटली वापरतात आणि तीतही पहिल्या तासा-दोन तासांत थोडी घट होतेच. दूरच्या उपकेंद्रातून शहरातील प्रयोगशाळेत जाणारा नमुना वाटेत रेंगाळला तर सर्वाधिक नुकसान दूरच्याच माणसाचे होते. त्याचा अहवाल 'नॉर्मल' येण्याची शक्यता वाढते.

अहवाल : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

आपल्या परिसराला दप्तर जपण्याची परंपरा आहे. वाईची प्राज्ञपाठशाळा आणि तेथेच झालेले मराठी विश्वकोशाचे कार्य यांची आठवण यासाठी पुरेशी आहे. मोडी कागद, ताम्रपट, सनदा यांबाबत आपण दक्ष असतो. परंतु अनेक घरांतील प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले रक्ताचे जुने अहवाल आपणास साधने वाटत नाहीत. त्यांत तारीख असते, पद्धत असते, त्या काळची सामान्य मर्यादा छापलेली असते. १४० ते १२६ हा बदल आपल्या तालुक्यातील प्रयोगशाळांत प्रत्यक्ष केव्हा पोहोचला, याचे उत्तर अशाच कागदांत आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या घरांतील कागदपत्रे भिजून गेली. ग्लुकोमीटरचा आकडा तर पुष्कळदा कागदावर उतरतच नाही. हे साधन वेगाने नष्ट होत आहे.

निष्कर्ष

१) मूत्रपरीक्षेच्या काळातील नोंदी उशिराच्या व निवडक होत्या, त्यातून मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग ही प्रतिमा बळावली.
२) सातारा-सांगली परिसरात प्रयोगशाळांची वाढ कृष्णाकाठच्या केंद्रांत झाली, दुष्काळी तालुके मोजणीच्या कडेला राहिले.
३) सडपातळ देह व कष्टाचे काम ही मधुमेहापासून संरक्षणाची हमी नाही, हे पुणे परिसरातील अभ्यासांनी दाखविले आहे. दुष्काळाच्या इतिहासामुळे आपल्या पूर्वभागास हा निष्कर्ष अधिकच लागू पडण्याचा संभव आहे.
४) तपासणीच्या याद्या, वेळा व जोखमीचे निकष यांची मांडणी स्थलांतरित मजुरास अनुकूल नाही. हंगामात फडावरच, उपाशीपोटीची अट नसलेली तपासणी करणे आणि तिची नोंद मजुराच्या हाती देणे आवश्यक आहे.

समारोप

महाविद्यालयांना या कामी काही करता येण्यासारखे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दत्तक गावांत होतात. तेथे इतिहास, रसायनशास्त्र आणि भूगोल या विभागांनी एकत्र येऊन १९७२ च्या आसपास जन्मलेल्यांच्या मुलाखती घ्याव्यात. संबंधितांच्या लेखी संमतीने व नावे वगळून जुन्या अहवालांच्या प्रती जतन कराव्यात आणि गावच्या आरोग्य केंद्राच्या साहाय्याने तपासणी घडवून आणावी. इतिहासाच्या विद्यार्थ्यास प्रश्न विचारण्याची जी सवय लावली जाते, तीच येथे उपयोगी पडेल. हा आकडा कोणी घेतला, कोणाचा घेतला आणि कोणाचा घेतला नाही, हे प्रश्न शिलालेखाला विचारले जातात तसेच रक्ताच्या अहवालालाही विचारता येतात. फरक इतकाच की, शिलालेखातील माणूस आता राहिलेला नाही. फडावरचा माणूस आज पहाटेही कोयता घेऊन निघाला आहे आणि वेळेवर मोजलेला एक आकडा त्याची दृष्टी, मूत्रपिंडे आणि पाय वाचवू शकतो.